डाव्या कानाला दडे बसलेत असं वाटलं होतं

शब्दवेडी
रविवार, रात्री ९:४०

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

सात आठवड्यांपूर्वी एका सकाळी उठले तर डावा कान बंद. पोहून आल्यावर पाणी अडकल्यासारखं वाटतं ना, अगदी तसं. आधीच्या आठवड्यात सर्दी झाली होती त्यामुळे दडे बसले असतील म्हणून नाक दाबून फुंकून बघितलं, जांभया दिल्या, डोकं वाकडं करून एका पायावर उड्या मारल्या, काही उपयोग नाही. फोन डाव्या कानाला लावला तर समोरचा बोलतच नाहीये, मी फोन बिघडला समजून दोनदा बंद-चालू केला (हसू नका). आणि जोडीला एक बारीक सूंऽऽ, जुनी ट्यूबलाइट गुणगुणते तसा.

जवळच्या डॉक्टरांनी बॅटरीने बघितलं, म्हणाले थोडा मळ आहे, पाच दिवस थेंब घाला. पाच दिवसांनी कान जिथल्या तिथे. मग सर्दी उतरेल तसा सुटेल म्हणून पुढचे चार दिवस मी स्वतःच घालवले, तो दोष माझा.

नवव्या दिवशी ईएनटीकडे गेले. त्यांनी बघितलं तर कान साफ, पडदा झकास. मग त्यांनी ट्यूनिंग फोर्क (नादकाटा) ठोकून माझ्या कपाळावर मधोमध टेकवला आणि विचारलं, आवाज कुठल्या कानात येतोय. म्हटलं उजव्या. तोवर गप्पा मारणारे डॉक्टर एकदम गप्प झाले आणि म्हणाले ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, आत्ताच करू, उद्या नको. त्या बंद खोलीत कानावर हेडफोन लावून बटण दाबत बसले तेव्हाही मला वाटत होतं की उगाच करतायत. मग कागद हातात आला. उजव्या कानाचे लाल गोल वरच्या बाजूला शहाण्यासारखे ओळीत, आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या जिन्यावरून गडगडल्यासारख्या खाली. नस आणि आतल्या कानाचा बहिरेपणा, अचानक आलेला. मळाचा, सर्दीचा काही संबंध नाही.

त्याच दिवसापासून स्टिरॉइडच्या गोळ्या, दोन आठवडे. थोडा फरक पडला पण पुरेसा नाही म्हणून मग पडद्यातून बारीक सुईने मधल्या कानात स्टिरॉइडची इंजेक्शनं. दुखण्यापेक्षा त्यानंतर अर्धा तास कुशीवर पडून आवंढा न गिळता राहायचं तेच जास्त कठीण (आवंढा गिळू नका म्हटलं की दर मिनिटाला गिळावासा वाटतो). एमआरआय झाला, तो स्वच्छ. आता खालचे जाड आवाज बऱ्यापैकी परत आलेत, वरचे बारीक नाहीत.

हे लिहिण्याचं कारण एवढंच की पहिल्या दिवशी मला एक साधी गोष्ट कुणी सांगितली असती तर मी नऊ दिवस घालवले नसते. कान अचानक बंद वाटला तर तोंड मिटून मऽऽऽ असा हुंकार भरायचा. मळ किंवा सर्दीने बंद असेल तर तो आवाज बंद कानातच मोठा येतो. चांगल्या कानाकडे पळाला तर त्याच दिवशी ईएनटी गाठायचा.

-----

आळशीकासव
रविवार, रात्री १०:०५

बापरे. काळजी घ्या ताई. हे वाचता वाचता सगळ्यांनी हुंकार भरून बघितला असणार, मी तर बघितला. दोन्हीकडे सारखा.

अवांतर: मळाचंच म्हणाल तर मी वीस वर्षं रोज अंघोळीनंतर बड फिरवतो, आजतागायत काही झालेलं नाही.

-----

कर्णधार
सोमवार, सकाळी ८:१२

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करणारा आणि मशीन बसवणारा, आहे. (आयडी खेळाच्या धाग्यांवर भांडायला घेतला होता, व्यवसायाशी जुळला हा योगायोग.)

शब्दवेडी ताई, फार चांगलं केलंत लिहून. आमच्याकडे याची व्याख्या अशी आहे की बहात्तर तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा जास्त घसरण. बहुतेकांना सकाळी उठल्यावर कळतं. आणि बहुतेकांत नेमकं कारण सापडतच नाही, विषाणू, आतल्या कानाचा रक्तपुरवठा वगैरे तर्क आहेत. एमआरआय काढतात तो श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना हे बघायला, सापडते थोड्यांनाच, पण सापडली तर तो सगळा वेगळाच मामला होतो.

स्टिरॉइडबद्दल खरं सांगायचं तर पुरावा फार भक्कम आहे अशातला भाग नाही, पण हातात त्याहून बरं काही नाही, आणि जो काही फायदा होतो तो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलं तर. दीड महिना उलटून आलेल्या माणसासाठी करण्यासारखं फारसं उरत नाही. काहींचा कान औषधाशिवायही सुधारतो, आणि खरी पंचाईत तीच आहे, ज्याचा आपोआप सुटला तो जगाला सांगत सुटतो की वाट बघा.

कपाळावरच्या फोर्कचं लोकांना उलटं वाटतं म्हणून सांगतो. हाडातून जाणारा आवाज दोन्ही आतल्या कानांना सारखाच पोचतो. एक कान बाहेरून बुजलेला असेल तर त्याला खोलीतली गडबड ऐकू येत नाही आणि आतला आवाज बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तिथे तो मोठा वाटतो. बोट घालून एक कान बंद करा आणि हुंकार भरा, लगेच कळेल. पण आतला कानच गेला असेल तर आवाज साहजिकच चांगल्या कानात. याला वेबर टेस्ट म्हणतात, १८३४ मधली आहे, आणि आजही ५१२ हर्ट्झचा फोर्क खिशात नसलेला ईएनटी विरळाच. घरच्या हुंकारावर मात्र निदान करू नका, त्यावरून फक्त घाई किती करायची ते ठरवा.

-----

उंबरठा
सोमवार, सकाळी ११:३०

@आळशीकासव, कानाच्या नळीतली कातडी आतून बाहेर सरकत असते, पडद्यापासून कानाच्या तोंडाकडे, अगदी संथ. मळ त्या सरकत्या पट्ट्यावर बसून आपला आपण बाहेर येतो. बड म्हणजे बाहेर निघालेल्याला परत आत ढकलणं. तुम्हाला काही झालं नाही याचा अर्थ एवढाच की अजून झालं नाही.

-----

आळशीकासव
सोमवार, सकाळी ११:४१

शाप देताय की काय

-----

रानवारा
सोमवार, दुपारी ३:१८

आमच्या बाबांचं निराळंच आहे, त्यांना विचारलं तर ते म्हणतात मला व्यवस्थित ऐकू येतं तुम्ही लोक पुटपुटता, आणि गंमत म्हणजे मागच्या खोलीत भांडं पडलं तर तेच सगळ्यात आधी दचकतात त्यामुळे आई म्हणते यांना हवं तेवढंच ऐकू येतं, चाळीस वर्षांचा अनुभव आहे तिला. जरा मोठ्याने बोल म्हणतात, मोठ्याने बोललं की ओरडतोस कशाला म्हणून चिडतात. टीव्ही शेजारच्यांनाही ऐकू जाईल एवढा, तरी बातम्या काय म्हणाल्या विचारलं तर सांगता येत नाही. शेवटी महत्प्रयासाने मशीन घेतलं, चार दिवस लावलं, म्हणाले कागद चुरगळल्याचा आवाज बंदुकीसारखा येतो आणि माझा स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो, ते मशीन आता ड्रॉवरमध्ये आहे आणि आम्ही परत ओरडतोय. काय करावं?

-----

कर्णधार
सोमवार, रात्री ९:५५

तुमच्या वर्णनात सगळं निदान आलंय. वयानुसार ऐकू कमी होतं ते बारीक, उंच पट्टीच्या आवाजांपासून. स्वर जाड असतात, अ आ ओ, त्यांच्यावर बोलण्याचा मोठेपणा अवलंबून. व्यंजनं बारीक असतात, विशेषतः स, श, च, त, फ, आणि शब्दाचा अर्थ त्यांच्यावर. म्हणजे तुम्ही ताप म्हणा, साप म्हणा, चाप म्हणा, बाबांना प्रत्येक वेळी आप ऐकू येणार. बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते नाही. त्यामुळे पुटपुटता म्हणतात ते त्यांच्या कानाच्या हिशेबाने शंभर टक्के खरं आहे.

आता ओरडतोस कशालाची भानगड. आतल्या कानात कोक्लिया म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, तिच्यात साधारण बारा हजार बाहेरच्या आणि साडेतीन हजार आतल्या केसपेशी. बाहेरच्या केसपेशी बारीक आवाज उचलून मोठा करून देतात, आतल्या तो मेंदूकडे पाठवतात. आधी मरतात त्या बाहेरच्या. त्यामुळे हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज पहिल्यासारखाच मोठा लागतो, किंवा जास्तच टोचतो. ऐकू येणं आणि असह्य होणं यातली जागाच आक्रसते. म्हणून ओरडून उपयोग नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, थोडं सावकाश बोललेलं जास्त पोचतं. आणि एकदा मेलेली केसपेशी माणसात परत येत नाही. पक्ष्यांमध्ये येते. या बाबतीत कोंबडीसुद्धा आपल्या पुढे आहे.

मशीन. चांगलं मशीन सगळे आवाज सरसकट मोठे करत नाही, बारीकांना जास्त उचलतं आणि मोठ्यांना आवर घालतं, पण ते त्या माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे ऐकण्याच्या आलेखाप्रमाणे, बसवावं लागतं. बसवताना कानाच्या नळीत अगदी बारीक माइकची नळी घालून पडद्यापाशी नेमका किती आवाज पोचतोय ते मोजता येतं, ते केलं होतं का विचारा. बऱ्याच ठिकाणी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला ठरलेला आकडा टाकून हातात देतात, मला विचाराल तर ड्रॉवरमध्ये मशीन जाण्याचं हे एक मोठं कारण. पिंपातला आवाज बहुतेक वेळा कानातला बोळा घट्ट असल्याने, त्याजागी भोकाचा घुमट (कानात बसणारी मऊ टोपी) बसवला की बराच कमी होतो. कागदाच्या आवाजाला मात्र औषध एकच, रोज लावणं. दहा वर्षं तो आवाज मेंदूपर्यंत गेलेलाच नाही, आता एकदम आला तर बंदूकच वाटणार. सुरुवातीला घरात शांततेत दोनेक तास, मग वाढवत जायचं, दीड-दोन महिने धरून चाला. लग्नसमारंभात पहिल्यांदा लावलेलं मशीन हमखास ड्रॉवरमध्ये जातं. आणि दोन्ही कान गेले असतील तर दोन मशीनं लागतात, एकावर काटकसर केली की गर्दीत दिशाच कळत नाही.

-----

मुक्तछंद
मंगळवार, सकाळी ७:५०

मशीन लावलं की स्मृतिभ्रंश होत नाही असं सिद्ध झालंय ना?

-----

कर्णधार
मंगळवार, सकाळी ८:३०

नाही, एवढं सरळ नाही. २०२३ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, सत्तरीपुढचे ९७७ लोक, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक नाही. पण ज्यांना हृदयविकार वगैरेमुळे आधीच धोका जास्त होता त्या गटात बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. त्यामुळे भीती घालून मशीन विकणाऱ्यांपासून सावध, आणि गरजच नाही म्हणणाऱ्यांपासूनही.

-----

पाऊलवाट
मंगळवार, दुपारी १:१५

माझा किस्सा बरोबर उलट आहे म्हणून लिहिते. पंचविशीपासून हळूहळू ऐकू कमी व्हायला लागलं, पण शांत खोलीपेक्षा गर्दीत, गाडीत मला जास्त नीट ऐकू यायचं! कुणाचा विश्वास बसायचा नाही. ऑटोस्क्लेरॉसिस निघाला. मधल्या कानात तीन हाडं असतात, हातोडी, ऐरण, रिकीब. त्यातली रिकीब, शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, तीन-एक मिलिमीटरचं, ते जागच्या जागी घट्ट बसतं आणि हलेनासं होतं. गर्दीत समोरचा आपोआप आवाज चढवून बोलतो आणि मला मागची गडबड ऐकूच येत नाही, म्हणून ती गंमत.

माझा फोर्क कपाळावरून वाईट कानाकडे गेला होता. आलेखात हाडातून ऐकू येणारी रेघ छान वर आणि हवेतून येणारी खाली, मधे हे एवढं अंतर. डॉक्टर म्हणाले हे अंतर म्हणजे चांगली बातमी, आतला कान शाबूत आहे, अडथळा वाटेत आहे आणि वाट दुरुस्त करता येते. तेव्हापासून बहिरेपणा म्हटलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, वाट बंद आहे की घर?

ऑपरेशन फक्त कान बधिर करून, मी जागी होते. रिकिबीच्या तळाला भोक पाडून त्यात छोटासा पिस्टन बसवतात. या जातीचं ऑपरेशन १९५६ पासून होतंय. पिस्टन बसला त्या क्षणी मला ट्रेमध्ये हत्यार ठेवल्याचा किण्ण आवाज आला आणि मी रडायला लागले, डॉक्टर म्हणाले हलू नका. नंतर दोन-तीन महिने जिभेच्या एका बाजूला नाणं चोखल्यासारखी चव, कारण चवीची एक नस बरोबर त्या जागेतून जाते, हे आधी सांगतात पण आपण लक्ष देत नाही. आणि शंभरात एखाद्याचा त्या कानाचा होता तो आवाजही जातो, तेही सांगतात, त्याकडे मात्र लक्ष द्या. मी दुसऱ्या कानाचं अजून केलेलं नाही, मशीनवर भागतंय.

-----

चिंगी
मंगळवार, रात्री १०:२०

माझ्या मुलाचं विचारायचंय. पाच वर्षांचा आहे. शाळेतून तक्रार की लक्ष नसतं, हाक मारली तर बघत नाही. जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती आणि पास झाला होता त्यामुळे कान आमच्या डोक्यातच आला नाही, मी त्याला ओरडत होते :( आता टिंपॅनोमेट्री (पडदा किती हलतो याची तपासणी) केली तर रेघ सपाट आली. पडद्यामागे पाणी म्हणतात. तीन महिने थांबू म्हणाले. थांबू का? वरचा धागा वाचून भीतीच वाटतेय.

-----

कर्णधार
मंगळवार, रात्री १०:५८

थांबा, इथे थांबणंच बरोबर. हे ताईंच्या केससारखं नाही. पडद्यामागच्या पोकळीला हवा देणारी एक नळी घशातून येते, लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, सर्दी झाली की तुंबते आणि आत चिकट पाणी साठतं. रेघ सपाट म्हणजे पडदा हलत नाहीये. बरंचसं पाणी आपोआप निघून जातं म्हणून तीन महिने. राहिलंच, आणि ऐकण्यावर परिणाम असेल, तर पडद्यात ग्रोमेट म्हणजे छोटंसं भोकाचं बटण बसवतात, सहा महिने ते वर्षभरात ते स्वतःच गळून पडतं. तोवर शाळेत सांगून पुढच्या बाकावर बसवा, हाक मारण्याआधी खांद्याला हात लावा.

जन्मतः पास होणं खोटं नव्हतं, तो त्या दिवसाचा निकाल. निरोगी कान स्वतः बारीक आवाज बाहेर टाकतो, डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं, बाळाच्या कानात माइक लावून तोच प्रतिध्वनी टिपतात. बाळाला बटण दाबायला सांगता येत नाही ना. त्यात नापास झालं तर झोपेत डोक्याला इलेक्ट्रोड लावून बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का याची चाचणी, करतात. ज्यांची बाळं नापास झालीत त्यांनी मात्र अजिबात थांबू नये: महिन्याच्या आत पहिली चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मशीन किंवा जे काय असेल ते सुरू. आणि मेंदूज्वर होऊन ऐकू गेलं असेल तर आणखी घाई, कारण त्यात कोक्लिया आतून हाडाने भरत जाते आणि कोक्लिअर इम्प्लांटची (ऑपरेशनने आतल्या कानात बसवायच्या यंत्राची) तार घालायला जागाच उरत नाही.

-----

चिंगी
मंगळवार, रात्री ११:०२

थँक्यू. उद्या त्याची माफी मागते.

-----

सदाफुली
बुधवार, सकाळी ९:१०

एवढं सगळं करण्यापेक्षा रात्री कोमट तेलाचे दोन थेंब. आमच्या आजीला नव्वदीतही सुईचा आवाज ऐकू यायचा.

-----

उंबरठा
बुधवार, सकाळी ९:४८

सदाफुली, राग मानू नका पण या तेलाने माझं वाट्टोळं केलंय. लहानपणापासून कान वाहायचा. दुखायचा नाही, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही, वाहिला की तेल. पडद्याला भोक होतं, तेल सरळ आत. आधी बुरशी झाली, काळे ठिपके आणि मरणाची खाज, ती सक्शनने साफ करून बरी झाली. पण वास जाईना. न दुखता वाहणारा आणि घाण वास येणारा कान म्हणजे कोलेस्टिअटोमा असू शकतो हे मला तिशीत कळलं, पडद्याची कातडी आत खेचली जाऊन तिची पिशवी होते आणि ती आजूबाजूचं हाड खात जाते. मेंदू तिथून कागदाइतक्या जाडीच्या हाडापलीकडे आहे. सीटी स्कॅन, कानामागून चीर, चार तास ऑपरेशन. तीनपैकी दोन हाडं गेली होती. सर्जनने आधीच सांगितलं होतं, आपण ऐकू यावं म्हणून नाही, कान सुरक्षित कोरडा व्हावा म्हणून करतोय.

नुसतं भोक असेल तर तेवढं वाईट नसतं, कानशिलाच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून नवा पडदा लावतात, छान बसतो. पण आत कुठलं आहे हे मायक्रोस्कोपने बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आजीलाही.

-----

शब्दवेडी
बुधवार, रात्री ११:३५

सगळ्यांचे आभार, केवढं लिहिलंत. माझा एक प्रश्न राहिलाय. तो सूंऽऽ आवाज. दिवसा जाणवत नाही, रात्री दिवा मालवला की सुरू. कधी कधी वाटतं ऐकू कमी येणं परवडलं.

-----

कर्णधार
गुरुवार, सकाळी ८:०५

कानाकडून त्या पट्टीचे आवाज येणं बंद झालंय, मेंदू शोधत राहतो आणि स्वतःच व्हॉल्यूम चढवतो, आपल्याला ऐकू येते ती बहुधा त्याची खरखर. शांतता हा त्याचा खुराक. रात्री पंखा, पावसाचा रेकॉर्डेड आवाज, काहीही चालेल, त्या सूंपेक्षा किंचित कमी ठेवायचं, बुडवून टाकायचं नाही. मशीन लावल्यावर अनेकांचा कर्णनाद मागे पडतो. झोप पार उडाली असेल तर सीबीटी म्हणून समुपदेशन आहे, आवाज जात नाही पण त्याचा जाच कमी होतो, आणि याबाबतीत गोळ्यांपेक्षा त्याचा पुरावा चांगला आहे. नाडीच्या ठोक्याबरोबर धप् धप् येत असेल तर मात्र तो वेगळा प्रकार, लगेच दाखवायचं.

-----

रानवारा
गुरुवार, दुपारी ४:४०

चक्कर येण्याबद्दल पण लिहा ना कुणीतरी, आईला कुशीवर वळलं की गरगरतं.

-----

कर्णधार
गुरुवार, संध्याकाळी ६:२५

वेगळा धागा काढा, इथे मावणार नाही. पण वळल्यावर मिनिटभर गरगरणं हे बहुधा कानातले खडे सुटल्यामुळे, टेबलावर झोपवून मान ठरावीक पद्धतीने फिरवली की पुष्कळदा एका बैठकीत थांबतं. तासन् तास चक्कर, सोबत कानात दडपण आणि ऐकू कमी, असं असेल तर मेनिएर्स या आतल्या कानाच्या आजाराची शंका.

-----

शब्दवेडी
पाच आठवड्यांनी, शनिवार, सकाळी १०:१५

अपडेट द्यायचं कबूल केलं होतं. तीन महिन्यांचा ऑडिओग्राम झाला. ५०० आणि १००० हर्ट्झला कान जवळपास पूर्ववत, ४००० ला अजून ५५ डेसिबलवर अडकलाय, तो आता तिथेच राहणार म्हणतात. शब्दांची चाचणी घेतली, पंचवीसपैकी सतरा बरोबर. मशीन ट्रायलवर लावलंय. कागद खरोखर बंदुकीसारखा वाजतो, रानवारा, बाबांना सॉरी सांगा माझ्यातर्फे. सूं कमी झालाय. दिशा मात्र अजून कळत नाही, कुणी डावीकडून हाक मारली तरी मी उजवीकडे वळते आणि घरातले हसतात.

-----

रानवारा
शनिवार, सकाळी ११:००

बाबांच्या मशीनला भोकाचा घुमट बसवला, आता संध्याकाळी लावतात. बातम्या अर्ध्या आवाजात. आई म्हणते आता सगळंच ऐकतात, ही नवी डोकेदुखी.

-----

आळशीकासव
रविवार, सकाळी ८:२०

लोकहो मदत. अंघोळ करून आलो तर उजवा कान ठार बंद. हुंकार भरला. बंद कानातच मोठा येतोय. तीनदा भरला. म्हणजे मळच ना?

-----

शब्दवेडी
रविवार, सकाळी ८:२४

बहुतेक. पण थेंब घालत बसू नकोस, ईएनटीकडेच जा. आज नाही तर उद्या नक्की. आणि मधेच हुंकार डावीकडे गेला तर आजच इमर्जन्सीत.

-----

आळशीकासव
सोमवार, दुपारी १:०५

जाऊन आलो. सक्शन केलं. एक मळाचा खडा निघाला, आणि त्याच्या मागून कापूस. डॉक्टरांनी चिमट्यात धरून दाखवला, म्हणाले हा कधीचा. मी म्हटलं आठवत नाही. ऑडिओमेट्री नॉर्मल.

-----

उंबरठा
सोमवार, दुपारी १:११

बड टाकून दिलेस का?

-----

आळशीकासव
सोमवार, दुपारी १:३०

एक अख्खं पाकीट उरलंय. कीबोर्ड साफ करतोय.